राहीबाईंची जागा आणि राहीबाईंचा गुडघा

आमच्या हिवरधऱ्याचा बाजार बुधवारी भरतो. शाळेच्या मागच्या मैदानात पाच चिंचा एका रांगेत उभ्या आहेत. त्यांच्या सावलीत भाजीवाल्या बसतात आणि सावली संपते तेथून चपला, बांगड्या व प्लास्टिकचे डबे सुरू होतात. त्या शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले. तेव्हा वर्गाच्या खिडकीतून आणि निवृत्तीनंतर हातात पिशवी घेऊन मी हा बाजार पाहत आलो आहे, त्यामुळे त्याचे कोठेही न लिहिलेले नियम मला ठाऊक आहेत. त्यांतले दोन आधीच सांगून ठेवतो, कारण राहीबाईंची हकीकत त्या दोहोंच्या कात्रीत घडली.

जागेचा नियम असा. चिंचेखाली जिचे पोते पसरलेले असते तिची ती जागा. मात्र सलग तीन बुधवार पोते पडले नाही, तर चौथ्या बुधवारी तेथे कोणीही बसावे, त्यावर कोणी हरकत घेत नाही. बसण्याचा नियम याहून सूक्ष्म आहे. जी बाई जमिनीवर उकिडवी बसते, तिची भाजी तिच्या स्वतःच्या वाडीतली आणि पहाटे तोडलेली, असे गिऱ्हाईक धरून चालते. जो खुर्चीवर किंवा पेटीवर बसतो तो दलाल. त्याचा माल आदिलाबादच्या मार्केटातून उचललेला, दोन दिवसांचा. मराठी बोलणारे असोत, तेलुगू बोलणारे असोत की पलीकडच्या गुड्यांवरून, म्हणजे पाड्यांवरून, येणारे गोंड असोत, सगळे आधी बसणारीचे गुडघे पाहतात आणि मग वांगी पाहतात.

राहीबाई तिसऱ्या चिंचेखाली बावीस वर्षे बसत होत्या. त्यांचे माहेर मुधोळचे. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी सासू अंथरुणाला खिळली आणि एकोणीस वर्षांच्या या सुनेने जे पोते पसरले, ते बाळंतपणाचे दिवस सोडले तर कधी उचलले नाही. पती नागोराव शांत गृहस्थ. वाडीत पाणी देणे, फवारणे, तोडणे हे त्यांचे काम आणि बोलणे हे पत्नीचे, अशी त्या घरात पूर्वापार वाटणी होती.

राहीबाईंचे बसणे पाहण्यासारखे असे. दोन्ही टाचा जमिनीला, गुडघे छातीशी, एका हातात तागडी, आणि दुसरा हात न पाहता नेमक्या टोपलीत. मेथी मागितली की जागेवरूनच डावीकडे वळत, दुधी मागितला की ताडकन उठून मागच्या पोत्यातून काढून देत आणि त्याच झोकात पुन्हा खाली बसत. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाच्या सुनेला कारले चालत नाही, हे त्यांना पाठ होते. मी दर बुधवारी यादी लिहून नेत असे. यादी पिशवीतच राही. माझी काटेरी वांगी तोवर तोलून झालेली असत.

गेल्या जूनमध्ये, मृगाच्या चिखलात, हे बसणे मोडले. ऑटोतून उतरताना डोक्यावर टोपली होती. डावा पाय पायरी आणि मालाच्या पेटीमधल्या फटीत अडकला आणि अंग मात्र बाजाराकडे वळले. कटकन आवाज झाला. शेजारच्या जागेवर मिरच्या विकणाऱ्या चंपाबाईंनी तो आवाज आपणही ऐकल्याचे पुढे महिनोन्महिने सांगितले. त्या दिवशीही राहीबाईंनी दुपारपर्यंत भाजी विकली. गुडघा भोपळ्याएवढा झाल्यावर मग घरी गेल्या. आदिलाबादच्या दवाखान्यात लिगामेंट तुटल्याचे निदान झाले आणि जुलैत शस्त्रक्रिया झाली.

"डॉक्टरनं माह्याच मांडीतली दोरी काढली आन् माह्याच गुडग्यात ओवली," त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "बाहेरचं काईच नाई घेतलं."

या धावपळीत दोन बुधवार तिसऱ्या चिंचेखाली पोते पडले नाही. तिसऱ्या बुधवारच्या आदल्या दिवशी राहीबाईंनी आपल्या धाकट्या जावेला खाटेजवळ बोलावले. रंजीता तिचे नाव, वय अठ्ठावीस. लग्नाला सात वर्षे झाली तरी तिने तोवर भाजी तोडणे, धुणे आणि जुड्या बांधणे एवढेच केले होते.

"पोतं हातरजो आन् त्याच्यावर बसजो," राहीबाईंनी बजावले. "जागा धरून ठेवाची, एवढंच. इकनं काय, होईल तेवढं होईल."

रंजीता गेली आणि साडेअकराला परत आली. टोपल्या रिकाम्या होत्या.

येथून पुढचे मला राहीबाई, रंजीता आणि नागोराव या तिघांनी तीन प्रकारे सांगितले आहे. जेथे तिघांचे जुळते तेवढेच लिहितो.

त्या बुधवारी राहीबाईंनी जावेचे कौतुक केले. दुसऱ्या बुधवारी विचारले, "कोन कोन आलतं?" रंजीता म्हणाली, "सगळेच." तिसऱ्या बुधवारी विचारले, "कोनी काई बोललं?" रंजीता म्हणाली, "काय बोलतेत? भाव इचारतेत." चौथ्या बुधवारी त्यांनी काहीच विचारले नाही. रंजीता आंघोळीला गेल्यावर मात्र काठी टेकत ओसरीपर्यंत जाऊन त्यांनी टोपल्या उलट्या करून पाहिल्या. तळाला एक वांगे निघाले. किडके होते. त्या वांग्याने आपल्याला किती बरे वाटले, हे पुढे त्यांनी मला स्वतःच सांगितले. सांगताना हसल्या नाहीत.

बावीस वर्षांची गिऱ्हाइके चार बुधवारांत आपल्याला विसरली, हे त्यांच्या मनाने घेतले. आणि मनाने एकदा घेतले की डोळ्यांना दुसरे काही दिसत नाही. पट्टा बांधलेला पाय उशीवर ठेवून त्या दिवसभर खाटेवर असत. समोर अंगणात रंजीताचा वावर चाले. ती चुलीपुढे बसे, उठे, हंडा उचले, पुन्हा बसे, पाटा-वरवंटा ओढे, उठे. आणि उठताना एकदाही गुडघ्यावर हात ठेवत नसे. एके दिवशी राहीबाईंनी सकाळपासून जेवणापर्यंत मोजले. एक्केचाळीस वेळा.

"इतकी उठबस कायले करून राह्यली व?" त्या शेवटी म्हणाल्या. "सारं एकदाच जोळ घेऊन बसत जा ना."

"आक्का, गुडगे देले देवानं त वापरते," रंजीता म्हणाली. तिच्या मनात काही नव्हते, असे ती म्हणते. मला ते पूर्णपणे पटलेले नाही.

त्याच सुमारास राहीबाईंनी शिलाईची फीत घेऊन आपल्या दोन्ही मांड्या मोजल्या. शस्त्रक्रियेची मांडी दोन बोटे बारीक झाली होती. मग त्यांनी रंजीताला जवळ बोलावले, ब्लाऊज शिवायचे आहे असे सांगून तिची उंची, खांदा घेतला आणि बोलता बोलता पिंढरीही मोजली. ब्लाऊजाला पिंढरीचे माप कशाला, हे रंजीताने विचारले नाही.

मत्सराच्या जोडीला भीती होती. ऑगस्ट संपता संपता दुखणे थांबले, आणि दुखणे थांबले तशी भीती वाढली. गुडघा वाकवताना आत बारीक टकटक होई. प्रत्येक टकटकीला त्यांना वाटे की दोरीचा एक पदर सुटला. अंगणात सडा टाकायला त्यांनी बंदी केली, कारण ओल्या शेणावरून पाय घसरेल. बंद घर सोडून कोणाच्याही अंगणात सडा चुकत नाही अशा आमच्या गावात कित्येक महिने ते अंगण कोरडे राहिले, आणि नागोरावांना तीन जणांनी हळू आवाजात विचारले की घरात काही वाईट घडले काय. पाच महिन्यांची कालवड खुंट्यावरून हलवून मागच्या गोठ्यात नेली गेली, कारण ती लाडात येऊन धडक देई. स्वतः राहीबाई भिंतीला धरून चालत आणि वळायचे असेल तर आधी थांबत, मग पावले एक-एक करून फिरवत.

पंधरा दिवसांनी एकदा आदिलाबादला व्यायामासाठी जावे लागे. तेथे नेहा नावाची एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती. ऑक्टोबरच्या भेटीत राहीबाईंनी तिला सरळच विचारले की मी बाजारात खाली कधी बसू.

"मावशी, दुखत नाही म्हणजे जुळलं, असं समजू नका," नेहा म्हणाली. "नवीन दोरी मधल्या काही महिन्यांत उलट कच्ची असते. तुम्हाला बरं वाटतं आणि ती मात्र अजून तयार नसते. घसरणं, गर्रकन वळणं आणि उकिडवं बसणं, हे तिन्ही बंद. खुर्चीत बसा. गुडघा खुर्चीइतका वाकला की पुरे."

"खुर्चीत बसली त भाजी कोन घेईन?"

"भाजी घ्यायला येतात की खुर्ची पाहायला?"

शहरातल्या मुलीला हे समजावत बसण्यापेक्षा राहीबाईंनी काठी उचलली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी त्या निळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाजारात आल्या. तिसऱ्या चिंचेखाली पोते पसरले, पोत्याच्या डाव्या अंगाला खुर्ची मांडली, उजव्या अंगाला रंजीता उकिडवी बसली. काटेरी वांगी, मेथी, वाल, टोमॅटो. दोघींपुढे एकाच वाडीतला एकच माल होता.

"आली का व राही?" चंपाबाई मिरच्यांमागून ओरडल्या. "खुर्चीवर त सरपंचीनच दिसून राह्यली! आमी अर्ज कोनाजोळ द्याचा?"

राहीबाई हसल्या. पहिला तास त्या हसत होत्या. ओळखीचे लोक येत, गुडघ्याची चौकशी करत, पट्ट्याकडे पाहून चुकचुकत, आणि बोलता बोलता खाली वाकून रंजीताच्या टोपलीतून वांगी निवडत. अनोळखी तर थांबतही नव्हते. एक तेलुगू बाई राहीबाईंच्या मेथीपाशी क्षणभर रेंगाळली, खुर्चीकडे तिने एकदा पाहिले आणि पुढे निघून गेली. गुड्यावरच्या एका म्हाताऱ्याने तर स्पष्टच विचारले, "मार्केटची काय?"

त्या दिवशी मीही चुकलो. चार महिने रंजीताला यादी देण्याची सवय झाली होती. रंजीताला माझी वांगी पाठ नव्हती, म्हणून यादी पिशवीतून हातात आली होती. मी खुर्चीसमोर उभा राहून राहीबाईंची प्रकृती विचारली आणि विचारता विचारताच यादीचा कागद खाली रंजीताच्या हातात दिला.

"गुर्जी, तुमीबी?" राहीबाई म्हणाल्या.

मी कागद परत घेऊ लागलो, तोवर रंजीता तो वाचू लागली होती. राहीबाईंनी मान फिरवली आणि पुढचा अर्धा तास चिंचेच्या शेंड्याकडे पाहत राहिल्या. दुपारी घरी जाताना त्यांच्या टोपलीतली मेथी जशी बांधली होती तशीच होती. रंजीताने वाटेत ती आपल्या रिकाम्या टोपलीत घेऊ पाहिली.

"हात लावू नोको," त्या म्हणाल्या. "माही मेथी हाये थे."

पुढच्या बुधवारी राहीबाई कोणालाही न सांगता पहिल्या ऑटोने एकट्याच बाजारात आल्या. खुर्ची घरीच होती. पट्टा त्यांनी लुगड्याखाली आवळून बांधला होता. पोते पसरले, टोपल्या मांडल्या, एका हाताने चिंचेचे खोड धरले आणि श्वास रोखून हळूहळू खाली बसल्या. टाचा टेकल्या. गुडघे छातीशी आले. आत एकदा टकटक झाली आणि थांबली.

त्यानंतर जे झाले ते मी पाहिले आहे, कारण त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो होतो. गिऱ्हाईक लोटले. ती तेलुगू बाई आली आणि तिने दोन जुड्या मेथी घेतली. म्हाताऱ्याने वाल घेतले. राहीबाईंचा हात पुन्हा न पाहता टोपलीत जाऊ लागला. माझी वांगी त्यांनी यादी निघण्याआधीच तोलली आणि वर पाहिले. त्या पाहण्यात आठवड्याचा सगळा हिशोब चुकता झालेला होता.

दहाच्या सुमारास रंजीता डोक्यावर निळी खुर्ची घेऊन लगबगीने आली.

"आक्का! खुर्ची इसरल्या न तुमी!"

"इसरली नाई. ठेव तिकडं. पाहिजे त तूच बस."

पोत्यावर दुसरीला जागा उरलेली नव्हती. टोपल्या तशाच मांडल्या होत्या. रंजीता क्षणभर उभी राहिली आणि मग खरोखरच खुर्चीवर बसली. ज्या बाईचे गुडघे दिवसाला शंभर वेळा वाकत होते ती खुर्चीवर, आणि जिला डॉक्टरांनी बंदी केली होती ती जमिनीवर, असा तो देखावा होता. एका गिऱ्हाइकाने रंजीताला दलालीण समजून टोमॅटोचा ठोक भाव विचारला. चंपाबाईंना हसू आवरले नाही.

बारा वाजता सावली सरकली. आमच्या बाजारात सावली सरकली की बाया उठतात, पोते हातभर मागे ओढतात आणि पुन्हा बसतात. चिंचेखालची रांग एकाच वेळी उठली आणि मागे सरकून बसली. राहीबाई मात्र तेथेच राहिल्या. त्यांच्या अर्ध्या अंगावर ऊन आले, मग पूर्ण अंगावर आले. टोपल्या रिकाम्या होत्या. त्या कशाचीही वाट पाहत नसल्यासारख्या समोर पाहत बसल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता.

रंजीता खुर्चीवरून उठून त्यांच्यासमोर येऊन बसली.

"दुखून राह्यलं काय?"

"दुखत नाई. थ्याचंच त भेव हाये."

"मंग उठा ना."

"उठली त तुटन," राहीबाई म्हणाल्या. ओठ फारसे न हलवता त्या बोलत होत्या. "दोन घंट्यांपासून समजून राह्यलं मले. वरतं उठाचं म्हटलं त सारा भार त्याच्यावर येईन. बूडबी टेकवता येत नाई. हललं त तुटन."

"मी मानसं बोलावते."

"नोको!" त्यांनी रंजीताचे मनगट धरले. "साऱ्या बाजारादेखत नोको. चंपी पाहून राह्यली."

रंजीताने मागे वळून पाहिले नाही. तिने मागचे एक रिकामे पोते घेतले, चार घड्या घातल्या आणि राहीबाईंच्या खाली मागून सरकवले. मग दुसरे पोते, मग तिसरे, मग चौथे, आणि शेवटी खुर्चीखाली डोक्यावर घेतलेली चुंबळ. मोठ्या जावेला खाली टेकता येत नव्हते, म्हणून धाकटीने जमीनच तिच्यापर्यंत वर आणली. पाचव्या घडीला राहीबाईंचा भार पोत्यांवर आला आणि त्यांच्या तोंडून एक लांब श्वास सुटला. मी दहा पावलांवर शाळेच्या भिंतीशी होतो. पुढे झालो असतो, पण रंजीताने नजरेनेच थांबवले.

"आता डावा पाय सरळ करा. हळू. मी टाच धरली हाये."

"तुले काय," राहीबाई एकाएकी म्हणाल्या. आवाज रडवेला होता, पण शब्द तिखट होते. "तुहे गुडगे हायेत. बसशीन, उठशीन, माह्या जाग्यावर माह्याच गिऱ्हाइकांले माहीच वांगी देशीन. कोनी नावबी नाई काढत माहं."

रंजीताने टाच सोडली नाही.

"कोनी नाव नाई काढत?" ती म्हणाली. "आक्का, दर बुधवारी पन्नास जनं इचारत, राहीबाई कधी येतीन, राहीबाई कशी हाये, राहीबाई तोलत त थोडी कोथिंबीर वरतून टाकत. चार महिने मले एकानं नावानं हाक नाई मारली. राहीबाईची जाऊ, राहीबाईची जाऊ. गुर्जीनंबी नाई. गुडगे माहे होते, नाव कुठं होतं माहं?"

"मंग सांगतलं काऊन नाई तू?"

"काऊन सांगू? तुमी खुश झाल्या असत्या."

पाय सरळ झाला होता. रंजीताने टोपली पालथी घातली, त्यांना बगलेत हात घालून पोत्यांवरून टोपलीवर घेतले आणि टोपलीवरून खुर्चीवर. चंपाबाई मिरच्या चाळत होत्या, पण चाळणी केव्हाची थांबली होती.

दुसऱ्याच दिवशी नागोराव पत्नीला घेऊन आदिलाबादला गेले. नेहाने नडगी धरून पुढे ओढून पाहिली, दोन्ही पायांची तुलना केली, पुन्हा पाहिली.

"दोरी शाबूत आहे," ती म्हणाली. "पण मावशी, ही तुमची हुशारी नव्हे. पुन्हा असं केलंत आणि तुटली, तर दुसरी दोरी उजव्या मांडीतून काढावी लागेल."

परतीच्या बसमध्ये राहीबाई मनाशी हिशोब करत होत्या. बाजार सोडला तर गुडघा वाचतो, आणि खाली बसल्या तर जागा वाचते. दोन्ही वाचवायचा मार्ग त्यांना दिसत नव्हता. तो मार्ग घरी रंजीताने काढला. तिच्या माहेरी शेजारी पद्मशाल्यांचे घर आहे. तेथे विणकर मागावर बसतो तो जमिनीलाच बसलेला दिसतो, पण त्याचे पाय खाली खड्ड्यात असतात, गुडघे खुर्चीत वाकतात तेवढेच वाकतात आणि तो दिवसभर तसा बसतो. हे तिने भाकरी थापता थापता, कोणाला उद्देशून नाही अशा रीतीने सांगितले. नागोरावांनी जेवण अर्धे टाकून कुदळ शोधली.

मैदान ग्रामपंचायतीचे असल्यामुळे खड्ड्याला परवानगी लागेल, असे मी सुचवले आणि रीतसर दरखास्त लिहून दिली. त्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, निळ्या खुर्चीच्या उंचीइतकी दीड फूट खोली आणि बाजार उठल्यावर त्यावर फळी टाकण्याची हमी नमूद केली. तेलुगू सेक्रेटरींनी जागेवर येऊन पाहणी केली, बाईंच्या पट्ट्याकडे पाहिले आणि "सरे, अम्मा" म्हणजे ठीक आहे, एवढे बोलून ते निघून गेले. दरखास्तीवर शेरा मात्र त्यांनी अजून मारलेला नाही.

अशा रीतीने राहीबाई तिसऱ्या चिंचेखाली पुन्हा जमिनीवर बसल्या. समोर टोपल्यांची रांग असल्यामुळे खड्डा दिसत नसे. उतरताना आधी डावा पाय आणि चढताना आधी उजवा, हे नेहाने जिन्यासाठी सांगितलेले सूत्र त्या पुटपुटत उतरत आणि चढत. सावली सरकली तरी त्यांना सरकता येत नसे, म्हणून नागोरावांनी चार काठ्यांवर गोणपाट ताणून दिले. गिऱ्हाईक परत आले. पहिल्याच बुधवारी चंपाबाई म्हणाल्या, "राही, जिवंतपनीच खड्ड्यात बसली व!" राहीबाईंनी ताबडतोब उत्तर दिले, "तुह्यासाटी बाजूले खंदून ठेवू काय? आमच्या ह्यायची कुदळ इथंच हाये."

खड्ड्याची कल्पना रंजीताची, हे राहीबाईंनी कधी कबूल केले नाही. कोणी विचारले तर त्या म्हणत, "डॉक्टरीनबाईनं सांगतलं." रंजीतानेही ते कधी दुरुस्त केले नाही. त्याऐवजी तिने एक पोते घेतले आणि पाचव्या चिंचेच्या पलीकडे, सावली जेथे फक्त दहापर्यंत असते तेथे, स्वतःची जागा धरली. घरची भाजी पहाटे अंगणात दोन वाटण्यांत मांडली जाऊ लागली. वांगी मोठ्या जावेकडे, वाल आणि पालेभाजी धाकटीकडे. वाटणी नागोराव करतात आणि दोघींनाही ती अन्यायाची वाटते.

मी नियम करून घेतला. यादीतली वांगी आणि टोमॅटो राहीबाईंकडून, कोथिंबीर आणि वाल रंजीताकडून, आणि जाताना दोघींनाही नावाने हाक मारायची. तरीही पहिल्या चिंचेपाशी परतताना मला तिसऱ्या चिंचेवरून जावे लागते, आणि दर बुधवारी राहीबाई खड्ड्यातून मान उंच करून माझ्या पिशवीत पाहतात.

"तिच्याकडून काय काय घेतलं, गुर्जी?"

"कोथिंबीर."

"लय सुकली हाये," त्या म्हणतात. कोथिंबीर ताजी असते.

एप्रिलमध्ये नऊ महिने पूर्ण झाले. नेहाने गुडघा तपासला, एका पायावर उभे करून पाहिले, जिना चढवला आणि सांगितले की आता हळूहळू खाली बसायला सुरुवात करायला हरकत नाही. त्या दिवशी राहीबाईंनी अंगणात सडा टाकायला परवानगी दिली आणि कालवड पुढच्या खुंट्यावर आली. ती तोवर गाय होण्याच्या वाटेवर होती.

त्यानंतरच्या बुधवारी नागोराव फावडे घेऊन बाजारात आले. मी वांगी घेत होतो.

"आता काई काम नाई ह्याचं," ते म्हणाले. "बुजवून टाकतो. मिरग लागला की पानी साचन."

राहीबाईंनी दोन्ही पाय खड्ड्यात तसेच ठेवले. त्यांनी पाचव्या चिंचेकडे पाहिले. रंजीता तेथे उठत होती, मागून एक जुडी काढत होती, पुन्हा बसत होती. गुडघ्यावर हात न ठेवता.

"साचू द्या," राहीबाई म्हणाल्या. "उपसीन मी. बुजवला त कोनीबी येऊन बसन."